वरच्या पायरीवरची मुलगी

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतील मुलांचे सुख मोजून झालेले आहे. ते किती भरले हे कोणीही विचारू नये. ज्यांचे सुख मोजणीतून राहून गेले असेल त्यांनी ते पुढील मोजणीपर्यंत कोरड्या जागी जपून ठेवावे. दरम्यानच्या काळात हरवल्यास मोजणारे जबाबदार नाहीत.

ही घोषणा मी मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर उभा राहून करायचो. गळ्यात पंचा, हातात कपबशी, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. मित्र टाळ्या पिटायचे आणि टपरीवाला म्हणायचा, आधी बाकड्यावरून उतर, ते माझ्या मेव्हण्याचं आहे.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी बी.ए. झालो होतो, म्हणजे घरच्या भातशेतीला निरुपयोगी आणि बाकी कशालाच उपयोगी नाही, अशा अवस्थेत होतो. अशा वेळी मुंबईच्या एका संस्थेला दोन्ही तालुक्यांत फिरायला एक स्थानिक सहायक हवा होता. मोटरसायकल पाहिजे, लोकांशी बोलता आलं पाहिजे आणि कुत्र्यांना घाबरता कामा नये, अशा तीन अटी होत्या. पहिल्या दोन मी पूर्ण करत होतो. तिसरीबद्दल मी खोटं बोललो.

काम असं होतं की मुलं बरी आहेत का, हे शोधायचं. बरी म्हणजे तापबिप नाही ना, एवढंच नव्हे. बरी म्हणजे सगळ्या अंगांनी बरी. पोट, मन, घर, शाळा, मित्र, झोप. ह्याला संस्थेच्या मॅडम ‘सुस्थिती’ म्हणायच्या. वाड्यावस्त्यांवर हा शब्द कोणी तोंडात घेतला नाही. तिथे आमची ओळख एवढीच होती की, पोरं बरी हायत का ते बघाया आलेत.

मॅडम जीपने यायच्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये सतत आल्याच्या वड्या. बाई खरोखर चांगल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचं हसू येईल, कदाचित रागही येईल, आणि त्या दोन्ही वेळी त्या चांगल्याच होत्या. त्यांचं म्हणणं असं की, मूल कसं आहे हे आपण आईबापाला विचारतो, मास्तरला विचारतो, डॉक्टरला विचारतो, फक्त त्या मुलाला विचारत नाही. तर आता मुलालाच विचारायचं, आणि ते जे सांगेल त्यावर मोठ्यांनी आपलं शहाणपण चढवायचं नाही. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. म्हणून तर ही हकीगत माझ्या घशात अडकून राहिली आहे.

विचारण्याची रीत म्हणजे शिडी. जमिनीवर चुन्याने दहा पायऱ्यांची शिडी काढायची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे मुलाला वाटतं की याहून चांगलं आयुष्य असूच शकत नाही, आणि सगळ्यात खालची म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. मुलाने स्वतः चालत जाऊन आपल्या पायरीवर उभं राहायचं. रडकी-हसरी चित्रं नाहीत, कठीण प्रश्न नाहीत. शहरातल्या शाळांत हे झकास चाललं होतं म्हणे.

आम्ही आधी माझ्याच गावात तालीम केली, आणि अहाहा, काय मजा आली. सरपंचांचा मुलगा धावत जाऊन सगळ्यात वर उभा राहिला, कारण त्याचे वडील कुठेही गेले तरी पुढच्या खुर्चीत बसतात. त्याच्या चुलतभावाला तीच पायरी हवी होती. दोघांची तिथेच जुंपली, आणि सुखाच्या शिखरावर एकाचा शर्ट फाटला. एका मुलीने आधी विचारलं की तिची मैत्रीण कुठे उभी राहिली, आणि मग तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. एकाला वर जायचं होतं, पण वर गेलं की आई दृष्ट लागेल म्हणून ओरडते, म्हणून तो मधे थांबला. आणि वाशिंदला मामाकडे राहून आलेल्या एका पोराने मला बाजूला घेऊन विचारलं, वर गेल्यावर काय देणार?

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की प्रत्येकाला कारण आहे, आणि कारण समजून घेणं हेच आपलं काम. हेही खरंच होतं.

मग भाताची कापणी उरकली, खळी सुरू झाली आणि आम्ही शहापूरच्या अंगाला, डोंगराखालच्या एका आदिवासी वाडीत गेलो. आता जरा जपून ऐका, कारण इथे चुन्याच्या रेघेला खरोखरचं वजन आलं होतं.

त्या वाडीतली बहुतेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, भिवंडी-कल्याणकडे, ती थेट पाऊस तोंडावर आला की परतायची. पोरं बरोबर जायची, शाळा सुटायची. संस्थेने त्या वर्षी शाळेच्या एका खोलीत हंगामापुरतं वसतिगृह काढायचं ठरवलं होतं. आईबाप भट्टीवर गेले तरी मूल इथेच राहील, दोन वेळा जेवेल, शिकेल. पण जागा थोड्या होत्या आणि पोरं जास्त. मग कोणाला घ्यायचं? ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांना. आणि गरज ठरवणार कोण? शिडी. जे मूल खालच्या पायऱ्यांवर उभं राहील त्याला आधी जागा.

शाळेचे मास्तर निवृत्तीला टेकलेले होते. जीप थांबली तसे ते व्हरांड्यात आले, माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “काय रे, सुख मोजाया आलास? मंग तराजू कुटं हाय?” मी म्हटलं, तराजू चुन्याचा आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. मुलांवर दडपण नको म्हणून मॅडमनी त्यांना बाहेर थांबायची विनंती केली, तेव्हा ते तंबाखूची चंची घेऊन चिंचेखाली जाऊन बसले आणि मोजणी संपेपर्यंत आमच्याकडे पाठ करून राहिले. स्वतःच्या शाळेतून हाकलला गेलेला माणूस इतक्या रुबाबात बसलेला मी पुन्हा पाहिला नाही.

शिडी काढायचं आणि मुलांना समजावून सांगायचं काम माझं. मी ते जीव ओतून करायचो. वरच्या पायरीचं वर्णन करताना मी हात पसरून डोळे मिटायचो, खालच्या पायरीला खोकत खोकत बसायचो. माझ्या गावात ह्यावर हशा व्हायचा. इथे कोणी हसलं नाही. मुलं रांगेत ताठ उभी होती आणि शिडीकडे टक लावून पाहत होती, परीक्षेचा पेपर फळ्यावर लिहिला जात असल्यासारखी.

एक मुलगा सावली बघून खाली जाऊन बसला. वर ऊन होतं. दोघे-तिघे मधे घुटमळले. मग ती पुढे आली.

आठ-नऊ वर्षांची असेल. अंगात कोणा मोठ्या मुलीचा निळा फ्रॉक, खांद्यावरून घसरणारा. केस तांबूस, विरळ, जसे नीट खायला न मिळालेल्या पोरांचे होतात. मनगट असं की माझ्या दोन बोटांत मावून वर जागा उरली असती. मी मनात म्हटलं, हिची जागा पक्की.

तिने खालच्या पायऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. रेघांच्या मधोमध, एकेक पाऊल जपून टाकत, दोन्ही हात किंचित बाजूला धरून ती सरळ वर गेली. सगळ्यात वरच्या पायरीवर वळून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. हनुवटी वर, पाय घट्ट.

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. तिला नक्की कळलंय का, हे त्यांनी दोनदा विचारलं. कळलंय म्हणाली. इथेच उभं राहायचंय का? हो. वर बरं वाटतं का? तिने जोरात मान हलवली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या की आपण मोठी माणसं किती चटकन कीव करतो. एवढ्या हालांतही ती मुलगी स्वतःला सुखी समजते, आणि ते नाकारायचा आपल्याला काय अधिकार? मी म्हटलं, पण मॅडम, तिचं मनगट. मॅडम म्हणाल्या, मनगट आपल्याला दिसतं, तिला तिचं आयुष्य दिसतं. मग त्यांनी मला आल्याची वडी दिली. मी ती चघळत बसलो.

सावलीत बसलेल्या पोराला जागा मिळाली. तिला नाही.

चार-आठ दिवसांनी कोणाकोणाला जागा मिळाली ते सांगायला मी मोटरसायकलवर एकटाच वाडीत गेलो. संध्याकाळ होत आली होती. त्या मुलीची आई अंगणात गोधड्या आणि भांडी एका चादरीत बांधत होती. भट्टीचा ट्रक दोन दिवसांवर आला होता. तिने मला बसायला लाकडाचा ओंडका सरकवला आणि काही न विचारता काम चालू ठेवलं. सावलीतल्या पोराच्या घरी आनंदाने ओरडत गेलेला मी, इथे मात्र शब्द शोधत होतो.

शेवटी सांगून टाकलं. तुमची मुलगी शिडीवर सगळ्यात वर उभी राहिली, म्हणजे तिचं बरं चाललंय असं ती म्हणाली, म्हणून तिला जागा नाही.

बाईने गाठ मारता मारता हात थांबवला. “वर?” तिने विचारलं. “वर उभी रायली?”

मग तिने पोरीला हाक मारली. पोरगी कुडाच्या आडून आली, मला बघून तिचा चेहरा उजळला. मला वाटलं ओळखीमुळे असेल.

“काय गो, कोनाच्या शिडीवर चढलीस तू शालंत?”

“ह्या दादांच्या,” ती म्हणाली. “सगल्यात वर. पडले पन नाय.”

बाई खाली बसली. आणि मग तिने मला जे सांगितलं ते तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आमच्या घरी आई पाहुण्यांना लोणचं कसं घालतात ते सांगते, त्याच आवाजात सांगितलं.

भट्टी लावताना कच्च्या विटा थरावर थर रचतात. घराएवढी उंची झाली की वरून तूस आणि राख पसरायची असते. मोठ्या माणसाच्या पायाखाली कच्ची वीट फुटते. म्हणून वर चढवतात ती पोरं. हलकी आणि न डगमगणारी. खालून घमेली द्यायची, वर पोरांनी पसरायचं. दरवर्षी हंगामाआधी मुकादम वाडीत येतो, आंब्याला शिडी टेकवतो आणि पोरांना एकेक करून चढवतो. जी वर जाऊन नीट उभी राहतात त्यांच्या घरच्यांना तो एकत्र, एकाच भट्टीवर नेतो. ज्यांचं पोर घाबरलं, किंवा ज्यांचं पोर वाढून जड झालं, त्यांना म्हणतो, पोरगी कामाची नाय, खायाला तेवडी. ठेवा मागं. गेल्या साली ह्या मुलीची मैत्रीण अशीच मागे राहिली होती, चुलत्याकडे. अख्खा हंगाम तिला आई दिसली नाही. आई परत आली तेव्हा ती तिच्याजवळ जाईना.

मी म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत लहानपणापासून जातो. बैल घेणारा माणूस बैलाला चालवून बघतो, दात बघतो, पाठीवर थाप मारतो. बैल बिचारा समजतो की कोणी लाड करतंय. त्या अंगणात मला पहिल्यांदा कळलं की वाडीतल्या मुलांनी माझ्याकडे कोण म्हणून पाहिलं होतं. हंगामाआधी जीपमधून उतरलेला, पोरांना रांगेत लावणारा, शिडी मांडून वर चढा म्हणणारा माणूस. वरची पायरी सगळ्यात चांगली, असं हात पसरून, डोळे मिटून सांगणारा. असा मुकादम त्यांनी ह्याआधी पाहिला नव्हता, एवढाच काय तो फरक.

“पास झाले ना, दादा?” मुलीने विचारलं.

आईने तिला आत पिटाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ठेवा तिला हितं. लिवा काय लिवायचं ते. दोन टायम जेवंल तरी.”

शहापूरला येऊन मी एसटीडी बूथवरून मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. सांगता सांगता बूथवाल्याने काचेवर टकटक करून मला मीटर दाखवलं. मॅडमनी एवढंच म्हटलं, तिला घ्या. तिच्यासाठी आणखी एक चटई टाका. तत्त्वाचं काय, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ट्रक आला त्या सकाळी मॅडम स्वतः आल्या. मास्तरही आले, धुतलेला सदरा घालून. ट्रकमध्ये गोधड्या, कोंबड्या, हंडे आणि माणसं एकावर एक चढत होती. ती मुलगी सगळ्यांच्या आधी चढून केबिनला पाठ लावून बसली होती. आईने तिला हाक मारली आणि काखेत धरून खाली काढली. मुलगी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने आधी आईकडे, मग माझ्याकडे पाहिलं, पत्ते पिसताना लबाडी पकडल्यावर माणूस बघतो तसं.

“मी तर वर गेल्ते,” ती मला म्हणाली. बस्स, तेवढंच.

ट्रक धुळीत गेला. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही आणि मानलाही नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की आम्ही योग्य तेच केलं. राखेत आणि धुरात चढणाऱ्या पोरीला शाळेत ठेवलं. ह्यात चूक काढून दाखवा, मी बाकड्यावर उभा राहून तुमची माफी मागेन.

वसतिगृह चांगलं चाललं. खरंच चांगलं. भात, डाळ, शनिवारी अंडं. रात्री अंथरायला चटया, पांघरायला कांबळी, डोक्याला तेल. शिजवायला गावातली एक बाई होती, तिचा हात सैल होता आणि जीभ त्याहून सैल. सावलीतलं पोर पाढे म्हणायला लागलं. मास्तर सकाळच्या चहाला मुलांमध्ये बसायला लागले आणि मला म्हणाले की तुझं सुख अजून मोजलं नाय ते बरंच केलंस, लेका, बराचसा चुना वाया गेला असता.

ती मुलगी कामात चोख होती. सांगितलेलं करायची, ताटात वाढलेलं खायची, पण नंतर नंतर अर्ध्यावर उठायला लागली. सैपाकीण बाई मागे लागायची. पोरी, जेव की गो, हाडं वाजतात तुझी. मग ती बाईच्या धाकाने खायची. खेळायची नाही. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून डांबरी रस्त्याकडे बघायची. मी गेलो की विचारायचो, कशी आहेस. बरी, म्हणायची. माझ्याशी तेवढंच बोलायची, आणि तेही मास्तरांनी डोळे वटारले तर.

होळीच्या आसपास मॅडम वजनकाटा घेऊन आल्या. नुसती शिडी पुरत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, आणि मान्य करायला मोठं मन लागतं. मुलांना रांगेत लावून एकेकाला काट्यावर उभं केलं. ट्रक गेल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा घेतलं होतं, त्याहून प्रत्येकाचं वजन वाढलं होतं. मास्तर आकडा मोठ्याने पुकारायचे, सैपाकीण बाई पदराला हात पुसत टाळ्या वाजवायची, आणि मी मधेमधे कुस्तीच्या फडातल्यासारखा निकाल जाहीर करत होतो. मुलं हसत होती. त्या शाळेत मी त्यांना पहिल्यांदा एकत्र हसताना पाहिलं.

तिची पाळी आली. ती काट्यावर चढायला तयार होईना. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी राहिली. मास्तर म्हणाले, अगं, सुई टोचत नाही. सैपाकीण बाईने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि उचलून काट्यावर उभी केली. तिने श्वास रोखून धरला होता. पोट आत ओढून, टाचा वर करून, काट्याला कळू न देता जितकं कमी टेकता येईल तितकं ती टेकली होती.

काटा वर गेला. सगळ्यांत जास्त तिचंच वाढलं होतं. तांबूस केसांत मुळाशी काळं दिसायला लागलं होतं, गाल भरले होते. मॅडमनी आकडा पाहिला, परत पाहिला, आणि आनंदाने तिला जवळ घ्यायला हात पसरले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर आरोळी ठोकायला तोंड उघडलं होतं.

तिने खाली वाकून काट्याकडे पाहिलं. तिला आकडे वाचता येत होते, आम्हीच शिकवले होते. आणि मग, इतके महिने न रडलेली ती पोरगी, सगळ्यांच्या टाळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडली:

“मी जड झाले! आता मला आयेसंगं कोन नेनार?”